दोन इंजिनं असूनही लहान ट्विन विमानं का पडतात?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलीचे सिंगल इंजिनवरचे तास होत आलेत, आता मल्टी-इंजिन रेटिंगसाठी पायपर सेमिनोलवर जाणार, आणि यांनी नेमक्या दोन-तीन बातम्या वाचल्या की ट्विन विमान टेकऑफनंतर लगेच एका बाजूला कलंडून पडलं, एक इंजिन बंद होतं पण दुसरं व्यवस्थित चालू होतं. मग दुसरं इंजिन असतं कशाला, आणि ते चालू असताना विमान पडतंच कसं? काका, मी बरीच वर्षं मल्टी-इंजिन शिकवते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, घाई करू नका, सावकाश वाचा.

थेट उत्तर आधी देते. एक इंजिन बंद पडल्यावर माणसं दगावतात ती बहुतेक वेळा पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत स्पीड हातातून गेला म्हणून. आणि स्पीड जातो कारण पुढे जायचं की खाली उतरायचं हे पायलटने जमिनीवर असताना ठरवलेलंच नसतं, ते हवेत ठरवायला जातो आणि तिथे तेवढा वेळ नसतो. बाकी सगळं मी आता लिहिणार आहे ते याच्याभोवतीच फिरतं.

सेमिनोलचंच गणित बघू. दोन्ही बाजूला १८० हॉर्सपॉवरचं एकेक लायकमिंग इंजिन, एकूण ३६०. समजा नुसतं उंची न गमावता सरळ उडायला १५० लागतात, हा आकडा मी समजावण्यापुरता घेतलाय. उरले २१०, आणि विमान चढतं ते या उरलेल्यावर. आता एक इंजिन काढा. हातात १८०, त्यातले १५० आधीच खर्ची पडलेले, उरले ३०. म्हणजे पॉवर निम्मी झाली पण चढायची ताकद सातव्या हिश्श्यावर आली, आणि बंद इंजिनाचा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, अजून धरलेलाच नाही. ट्विनमध्ये एक इंजिन गेलं की ८० ते ९० टक्के क्लाइंब जातो असं आम्ही पहिल्याच लेक्चरला सांगतो ते यामुळे. सेमिनोल समुद्रसपाटीला पूर्ण वजनावर एका इंजिनावर मिनिटाला साधारण २०० फूट चढतं, आणि तेसुद्धा गियर (चाकं) वर, फ्लॅप (पंखामागच्या पट्ट्या) वर, बंद प्रॉप (इंजिनाचा पंखा) फेदर केलेला, म्हणजे पाती धारेवर वळवून हवेला कमीत कमी अडणारी, स्पीड बरोबर ८८ नॉट, विमान नवं आणि चालवणारा कंपनीचा टेस्ट पायलट असताना. आपल्या मुलांच्या हातात येतं ते अनेक वर्षं शाळेत राबलेलं विमान.

एक गोष्ट तर बऱ्याच लायसन्स असलेल्या लोकांनाही माहीत नसते. ही विमानं ज्या जुन्या अमेरिकन नियमांखाली सर्टिफाय झाली, त्यात ६००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉटपर्यंत स्टॉल स्पीड (ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) असलेल्या ट्विनला एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी अटच नव्हती. ५००० फुटांवर ते किती चढतं किंवा किती खाली येतं ते मोजून लिहा, एवढंच. म्हणजे मॅन्युअलमध्ये उणे आकडा असला तरी विमान कायदेशीर.

आता हेच सेमिनोल मे महिन्यात नागपूरला आणा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण १००० फुटांवर आहे, दुपारचं तापमान ४४ धरू. स्टँडर्ड हवेत त्या उंचीला १३ डिग्री असायला हवं, म्हणजे ३१ डिग्री जास्त, गरम हवा विरळ म्हणून विमानाला उंची वाढल्यासारखीच वाटते, ती दर डिग्रीला १२० फूट धरली तर ३७०० होतात, अधिक आधीचे १०००. विमानाच्या लेखी धावपट्टीच ४७०० फुटांवर आहे. आणि सेमिनोलचं एका इंजिनावरचं सर्व्हिस सीलिंग, म्हणजे जिथे क्लाइंब मिनिटाला जेमतेम ५० फूट उरतो ती उंची, पूर्ण वजनावर ३८०० फूट आहे. म्हणजे त्या दुपारी चाकं जमिनीवर असतानाच तुम्ही सीलिंगच्या वर बसलेले आहात. सगळं अचूक केलंत तर फार तर उंची टिकेल, झाडं ओलांडायचं नाव नको. पुण्यात ३८ डिग्रीलासुद्धा हाच हिशेब ५००० च्या पुढे जातो. त्या दिवशी इंजिन गेल्यावर विमान वर घेऊन सर्किट मारून परत येऊ हा विचारच चुकीचा आहे, आणि हे सकाळी कागदावर पाच मिनिटांत कळतं. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी हा हिशेब रोज करून घेते, त्यांना कंटाळा येतो, तरी घेते.

बातमीत विमान उलटं झालं असं असतं ते का, ते आता बघा. डावं इंजिन गेलं असं धरा. उजवं पूर्ण जोरात ओढतंय आणि ते विमानाच्या मध्यरेषेपासून बरंच बाहेर आहे, त्यामुळे नाक डावीकडे वळतं. शिवाय डाव्या पंखावरून प्रॉपची जी हवा वेगात जायची ती थांबली, तिथली लिफ्ट (पंखाला वर उचलणारा जोर) कमी झाली, म्हणून डावा पंख खाली जातो. हे सगळं रोखायचं ते उजव्या पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून. पण रडरची ताकद हवेच्या वेगावर अवलंबून. वेग कमी होत गेला की एक स्पीड असा येतो की रडर शेवटपर्यंत दाबलं तरी पुरत नाही, उजवं इंजिन जिंकतं, विमान वळत वळत बंद इंजिनाच्या बाजूला कलंडतं आणि पाठीवर जातं. जमिनीजवळ हे झालं तर सावरायला जागाच नसते. या स्पीडला व्हीएमसी म्हणतात, एअरस्पीड इंडिकेटरवर लाल रेघ असते, सेमिनोलला ती ५६ नॉटवर. एका इंजिनावर सगळ्यात चांगला क्लाइंब देणारा स्पीड म्हणजे ब्लू लाइन, ८८ नॉट.

५६ हा आकडा बघून लोक निर्धास्त होतात की आपण तर ७० वर आहोत. पण तो आकडा चालू इंजिनाकडे ५ डिग्रीपर्यंत बँक (पंखांचा कल) ठेवून काढलेला असतो. बँक न ठेवता पंख सरळ ठेवले तर दर डिग्रीला साधारण ३ नॉट धरा, म्हणजे खरी लाल रेघ ७० च्या आसपास सरकली, आणि चुकून बंद इंजिनाकडे बँक झाली तर अजून वर. डायलवरची रेघ मात्र आहे तिथेच. उंचीवर गेलं की साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची पॉवर घटते म्हणून व्हीएमसी खाली येतो पण स्टॉल स्पीड तिथेच राहतो, मग दोन्ही जवळजवळ आले की एका इंजिनाची पॉवर लावलेली असताना स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली, जातं. आणि या ट्विन विमानांची स्पिनमधून बाहेर यायची परीक्षा सर्टिफिकेशनमध्ये घेतलेलीच नसते.

यातला सगळ्यात अवघड भाग माणसाच्या मनाचा आहे. इंजिन गेलंय, विमान बसतंय, समोर घरं दिसतात, हात आपोआप कंट्रोल मागे ओढतो. ८८ चे ८०, ८० चे ७२, आणि तिथून पुढे जे होतं ते वर लिहिलंय. नाक वळायला लागलं की करायचं काय तर नाक खाली आणि चालू इंजिनाचा थ्रॉटल (पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) मागे. हातात राहिलेलं एकमेव चांगलं इंजिन स्वतःच्या हाताने कमी करायचं, हे कुणालाही आतून पटत नाही, म्हणून ते अंगवळणी पडेपर्यंत घासून घ्यावं लागतं. पंख सरळ ठेवून, ताब्यात ठेवून ६०-६५ नॉटने शेतात बसवलेल्या विमानातून माणसं चालत बाहेर आलेली आहेत. पाठीवर पडलेल्या विमानातून सहसा येत नाहीत.

यावर एकच आडाखा मी शिकवते आणि तो टेकऑफआधी मोठ्याने म्हणायला लावते. गियर खाली आहे आणि पुढे रनवे शिल्लक आहे, इंजिन गेलं, तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि समोरच उतरायचं, विमानाचं काय होईल याचा विचार करायचा नाही. गियर वर आहे, ब्लू लाइन आहे, आणि आजच्या हिशेबात विमान चढणार असं निघालंय, तरच पुढे जायचं. मधली स्थिती, म्हणजे रनवे संपलाय पण ब्लू लाइन आलेली नाही, तिथेसुद्धा उत्तर खाली उतरणं हेच, जिथे जागा मिळेल तिथे.

पुढे जायचं ठरलं तर मिक्श्चर (इंधन-हवेच्या प्रमाणाचा दांडा), प्रॉप, थ्रॉटल सगळं पुढे, फ्लॅप वर, गियर वर, मग कुठलं इंजिन गेलं ते ओळखायचं. डेड फूट, डेड इंजिन, म्हणजे जो पाय रडरवर मोकळा आहे त्या बाजूचं इंजिन गेलेलं. ओळखल्यावर लगेच फेदर करायचं नाही, त्या बाजूचा थ्रॉटल हळूच मागे घेऊन बघायचं, काहीच फरक पडला नाही तर बरोबर, फरक पडला तर चुकीचा थ्रॉटल हातात धरलाय. हा एक सेकंदाचा पडताळा वगळल्यामुळे चांगलं इंजिन बंद केल्याची उदाहरणं मोठ्या विमानांतही आहेत. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईला ट्रान्सएशियाचं एटीआर पडलं, ४३ माणसं गेली, त्यात एका इंजिनाचा प्रॉप आपोआप फेदर झाला होता आणि क्रूने दुसरं, चालू असलेलं इंजिन बंद केलं. फेदरबद्दल अजून एक बारकावा, मुलीला विचारून बघा तिला माहीत आहे का. सेमिनोलच्या प्रॉपमध्ये एक पिन असते जी साधारण ९५० आरपीएमच्या खाली अडकते, म्हणजे जमिनीवर इंजिन बंद केल्यावर प्रॉप फेदरमध्ये जाऊन बसू नये. पण इंजिन जॅम व्हायला लागलं आणि आरपीएम त्याच्या खाली गेले तर हवेतसुद्धा फेदर होत नाही, मग तो आडवा प्रॉप ड्रॅग देत राहतो. म्हणून पडताळा झाला की रेंगाळायचं नाही.

मोठ्या, टर्बोप्रॉप ट्विनमध्ये ऑटोफेदर असतं, रडर बूस्ट (रडर दाबायला आपोआप मदत) असतो, तरी गोष्ट तीच राहते. ३० जून २०१९, टेक्सासमधलं अॅडिसन, किंग एअर ३५०. टेकऑफनंतर डाव्या इंजिनाचा थ्रस्ट कमी झाला, का झाला ते तपासात शेवटपर्यंत ठरलं नाही. डावीकडे विमान ओढतंय, पाय द्यायला हवा उजवा, पण पहिल्यांदा डावा रडर दाबला गेला, दोनेक सेकंदांनी उजवा. विमान उलटं होऊन हँगरवर पडलं, दहाच्या दहा माणसं गेली. अमेरिकेच्या तपास संस्थेने, एनटीएसबीने, कारण लिहिलं ते इंजिनाचं नाही, विमानावर ताबा ठेवता आला नाही हे, आणि जोडीला चेकलिस्ट पाळल्या नव्हत्या हेही लिहिलं. २१ फेब्रुवारी २०१७ ला मेलबर्नजवळ एसेंडनला किंग एअर बी२०० शॉपिंग सेंटरवर पडलं, पाचजण गेले. त्यात इंजिनाचा प्रश्नच नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या तपासात निघालं की रडर ट्रिम (पाय न देता रडर एका बाजूला धरून ठेवायची सोय) बहुधा पूर्ण डावीकडे फिरवलेला राहिला होता आणि टेकऑफआधीच्या चेकमध्ये तो सुटला. विमान हवेत होतं ते साधारण दहा सेकंद. ट्रिमचं एक चाक, हाताने मधे आणायचं, एवढंच काम होतं ते.

आपल्याकडचं उदाहरण देते जे प्रत्येक मल्टी-इंजिन विद्यार्थ्याने वाचायला हवं. २२ डिसेंबर २०१५, दिल्ली, बीएसएफचं किंग एअर बी२००, रांचीला निघालेलं, द्वारकेजवळ पडलं, दहा माणसं गेली. धुकं होतं. तपास अहवालात म्हटलंय की उड्डाणानंतर लगेच, पुरेशी उंची यायच्या आतच ऑटोपायलट लावला पण हेडिंग मोड (ठरलेली दिशा धरून ठेवणारा) निवडलाच नाही, विमान डावीकडे कलत गेलं, कल वाढत गेला, तो कुणी सरळ केला नाही. बाहेर काही दिसत नसलं की कान आणि पोट खोटं सांगतात, आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, म्हणजेच अॅटिट्यूड इंडिकेटर) सांगेल तेच खरं मानायचं, आणि ते उपकरणच बिघडलं तर काय होतं ते १६ ऑक्टोबर २००० ला मिसुरीत झालं, गव्हर्नर मेल कार्नाहान यांचं सेस्ना ३३५, मुख्य अॅटिट्यूड इंडिकेटर नादुरुस्त, रात्र, खराब हवा, तिघेही गेले. फॉर्म्युला वनचा ग्रॅहम हिल १९७५ मध्ये पायपर अॅझ्टेकने एल्स्ट्रीला उतरताना दाट धुक्यात झाडांना धडकला, सहाजण. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ ला मैनपुरीजवळ गेले ते किंग एअर सी९०, हवा खराब होती, आठही जण गेले. या चारही विमानांना दोन-दोन इंजिनं होती आणि त्यांचा काहीच उपयोग नव्हता. उलट दोन इंजिनं आहेत म्हणून माणूस अशा हवेत निघायचं धाडस करतो, मला वाटतं हा ट्विनचा सगळ्यात मोठा छुपा धोका आहे.

घाटकोपरची आठवण मुंबईकरांना असेलच, २८ जून २०१८, किंग एअर सी९०, दीर्घ मेंटेनन्सनंतरचं चाचणी उड्डाण जुहूवरून, पावसात. विमान पडलं, विमानातले चौघे आणि रस्त्याने जाणारा एक माणूस गेला. मेंटेनन्सनंतरच्या पहिल्या उड्डाणाला हवा आणि क्रू दोन्ही निवडून घ्यायला हवेत, ते नेहमीचं उड्डाण समजून काढू नये.

इंधनाचं वेगळं सांगते कारण त्यात दोन इंजिनं असून एकच चूक दोन्हीला एकदम मारते. २७ ऑगस्ट २०१४, न्यू मेक्सिकोतलं लास क्रूसेस, रुग्ण घेऊन निघालेलं सेस्ना ४२१, पिस्टन इंजिनाचं विमान, त्यात एव्हगॅसऐवजी (विमानाच्या पेट्रोलऐवजी) जेट ए (रॉकेलसारखं जेट इंधन) भरलं गेलं. चौघे गेले. यातला कपटी भाग असा की पाइपात आधीचं चांगलं पेट्रोल उरलेलं असतं, त्यामुळे टॅक्सी (जमिनीवरून रनवेपर्यंत जाणं) होते, रन-अप (टेकऑफआधीची इंजिन चाचणी) होतो, सगळे आकडे नीट दिसतात, आणि इंजिन मोडायला लागतं ते टेकऑफनंतर. आता तर एकाच फील्डवर सेमिनोल एव्हगॅसवर आणि शेजारचं डायमंड डीए४२ जेट ए वर, म्हणजे गोंधळ व्हायला जागा जास्त. म्हणून बाउझरपाशी (इंधनाच्या गाडीपाशी) स्वतः उभं राहायचं, नॉझल बघायचं. सॅम्पलचा रंग पुरेसा नाही, १०० एलएल, म्हणजे नेहमीचं एव्हगॅस, निळं असतं पण मिसळलं की फिकट निळं दिसतंच. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका, एव्हगॅस उडून जातं, जेट मिसळलेलं असेल तर तेलकट कडं राहतं.

डीए४२ वरून आठवलं, ४ मार्च २००७ ला जर्मनीत स्पायरला एका डीए४२ ची बॅटरी उतरलेली होती, बाहेरची पॉवर लावून इंजिनं सुरू केली, टेकऑफ केला, गियर वर घ्यायला बटण दाबलं आणि गियरच्या मोटरने इतका करंट ओढला की व्होल्टेज पडलं, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले आणि दोन्ही प्रॉप एकदम फेदर. नशीब की पोटावर उतरलं आणि कुणाला लागलं नाही. नंतर त्या कॉम्प्युटरना वेगळ्या बॅकअप बॅटऱ्या आल्या. पण इंजिनं दोन असली तरी त्यांच्यामागे काय काय सामाईक आहे हे विमानागणिक शोधून ठेवायला लागतं.

वजनाचं थोडक्यात, २५ ऑगस्ट २००१, बहामास, गायिका आलिया असलेलं सेस्ना ४०२, सामान आणि माणसं मिळून मर्यादेपेक्षा बरंच जास्त, सीजी (विमानाच्या वजनाचा मध्य) मागे गेलेला, टेकऑफनंतर लगेच पडलं, नऊजण. मागचा सीजी रडरचा हात छोटा करतो, म्हणजे इंजिन गेलं तर व्हीएमसीसुद्धा वाढलेला.

आता मुलीबद्दल. ट्रेनिंगमध्येच ट्विन पडल्याचे प्रकार थोडेथोडके नाहीत, इन्स्ट्रक्टरने कमी उंचीवर इंजिन खरंच कापून दाखवायला जाऊन किंवा व्हीएमसी डेमो (वेग मुद्दाम व्हीएमसीपर्यंत आणून सावरून दाखवणं) खाली करून. तर शाळेत जाऊन स्पष्ट विचारा, ओशाळू नका. व्हीएमसी डेमो किती उंचीवर करता? सावरून झाल्यावरसुद्धा जमिनीपासून ३००० फुटांच्या वर राहायला हवं. इंजिन बंद करून फेदर खरंखुरं करता ते किती उंचीवर? तेही ३०००च्या वर, त्याखाली फक्त थ्रॉटल मागे घेऊन नाटक करायचं. रनवेवर इंजिन फेल द्यायचं तर व्हीएमसीच्या निम्म्या स्पीडच्या आत, सेमिनोलला म्हणजे २८ नॉटच्या आत. मिक्श्चर ओढून किंवा फ्युएल बंद करून टेकऑफनंतर लगेच इंजिन घालवणारा इन्स्ट्रक्टर असेल तर तो कितीही अनुभवी असो, तुमच्या मुलीने इन्स्ट्रक्टर बदलून मागावा, आणि तुम्ही तिच्या पाठीशी उभे राहा.

आणि एक अगदी साधी गोष्ट, जी उंची कमी असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत मी पहिल्या दिवशी बघते. इंजिन गेल्यावर रडर शेवटपर्यंत दाबून धरावा लागतो आणि त्याला जोर लागतो, नियमात व्हीएमसीला पायाचा जोर १५० पौंडांपर्यंत, म्हणजे ६८ किलोपर्यंत चालतो. सीट मागे असेल तर पेडल टोकापर्यंत जातच नाही, बोटं पुरतात पण टाच आणि गुडघ्याचा जोर लागत नाही. इंजिन सुरू करायच्या आधी तिने दोन्ही पेडल आळीपाळीने पूर्ण शेवटपर्यंत दाबून बघावीत, शेवटाला गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. नसेल राहत तर सीट पुढे, तरी नाही तर पाठीमागे घट्ट, न दबणारी उशी, आणि सीटचं लॉक बसलंय का ते हलवून बघायचं. तिची उशी तिने स्वतःची घ्यावी आणि प्रत्येक सॉर्टीला (उड्डाणाला) तीच न्यावी.